केसमेंट पार्क: कुलूप लागलेल्या मैदानाचे प्रकरण

अँडरसन्सटाउन रोड हा उत्तर आयर्लंडमधल्या पश्चिम बेलफास्टचा वर्दळीचा रस्ता. या रस्त्याला लागूनच केसमेंट पार्क आहे. अँट्रिम काउंटीचे हे गेलिक खेळांचे मुख्य मैदान, एके काळी तीस हजारांवर माणसे मावतील एवढे मोठे. 2013 च्या उन्हाळ्यात ते बंद झाले. जुने पाडायचे, नवे बांधायचे आणि काही वर्षांत पुन्हा दार उघडायचे असा बेत होता. पैसे मंजूर होते, आराखडा तयार होता आणि सरकारही अनुकूल होते. तरी 2025 चा हंगाम आला आणि गेला, तिथे एकही सामना झाला नाही. मैदान बंद झाले तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा 2025 मध्ये बावीस वर्षांचा झाला. काउंटीच्या संघातून खेळायचे वय त्याला आले, पण काउंटीच्या मैदानावर उतरायचा योग आला नाही.

या प्रकरणात कोणी एक खलनायक सापडत नाही, म्हणूनच ते नीट मांडावेसे वाटते. मंत्री, खेळाची संघटना, मैदानामागच्या गल्ल्यांतले रहिवासी, शहराच्या दुसऱ्या टोकाचे फुटबॉलप्रेमी असे सगळेच ‘स्थानिक समाजा’च्या नावाने बोलत होते. प्रत्येकाच्या मनातला समाज मात्र वेगळा होता. मैदान बारा वर्षे रखडण्याची मुळे मला तिथेच दिसतात.

मैदान कोणाचे असते

आयर्लंडबाहेरच्या वाचकाला आधी गेलिक खेळांची रीत सांगायला हवी, नाहीतर एका मैदानासाठी एवढा जीव का टाकला जातो ते कळणार नाही. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, ही संघटना 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्लस गावी एका हॉटेलात स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मोठे खेळ. हर्लिंगमध्ये अ‍ॅश झाडाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी असते आणि छोटा कातडी चेंडू हवेतल्या हवेत कमालीच्या वेगाने फिरतो. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेता येतो, मुठीने मारता येतो, लाथाडता येतो. दोन्ही खेळांत प्रत्येक संघाचे पंधरा खेळाडू असतात.

खेळांपेक्षा वेगळी आहे ती त्यांच्यामागची व्यवस्था. काउंटीच्या संघातला सर्वात नावाजलेला खेळाडूसुद्धा हौशी असतो, त्याला खेळण्याचा पगार मिळत नाही. सोमवारी सकाळी तो शाळेत शिकवायला किंवा बांधकामावर कामाला जातो. तो ज्या क्लबकडून खेळतो तो सहसा त्याच्या पॅरिशचा, म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा क्लब असतो. बापही त्याच क्लबकडून खेळलेला असतो, आई चहाच्या टेबलावर उभी राहिलेली असते, आजोबांनी मैदानाचे कुंपण घातलेले असते. क्लबवर काउंटी, काउंटीवर प्रांत आणि प्रांतावर अखिल आयर्लंड अशी उतरंड आहे. यातले बहुतेक काम स्वयंसेवकांच्या हातून होते आणि मैदानांमागेही पिढ्यान्‌पिढ्यांची वर्गणी असते. काउंटीचे मैदान हे त्या सगळ्या क्लबांचे एकत्र घर. काउंटीची अंतिम लढत तिथे होते, आणि दोन गावांतल्या वर्षभराच्या कुरबुरी तासाभरात तिथेच निकालात निघतात.

अँट्रिममध्ये या घराला आणखी एक जबाबदारी होती. काउंटीच्या उत्तरेकडे ग्लेन्स नावाच्या दऱ्यांचा मुलूख आहे. कुशेंडॉल, लॉखगील, डनलॉय ही तिथली आणि त्या आसपासची हर्लिंगवेडी गावे. लॉखगीलच्या क्लबने 1983 आणि 2012 अशी दोनदा अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा जिंकली आहे. दुसरीकडे बेलफास्टसारखे औद्योगिक शहर, जिथे मुलांसमोर सॉकर आहे, रग्बी आहे आणि बरेच काही आहे. या शहराला आणि त्या दऱ्यांना जोडणारी जागा केसमेंट पार्क होती. 1989 मध्ये अँट्रिमचा हर्लिंग संघ अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यात पोचला. टिपरेरीने त्यांचा दणदणीत पराभव केला, तरी 1943 नंतर प्रथमच अँट्रिम तिथवर गेले होते आणि ते वर्ष आजही तिथे मायेने आठवले जाते. असा संघ पुन्हा घडवायचा तर मुलांना हातात काठी घ्यावीशी वाटायला हवी, आणि त्यासाठी शहराच्या मधोमध एक भरलेले मैदान दिसायला हवे.

नावाचे आणि आठवणींचे ओझे

मैदान जून 1953 मध्ये उघडले. त्याला सर रॉजर केसमेंट यांचे नाव दिले गेले. ब्रिटनचे वाणिज्यदूत (कॉन्सल) म्हणून काम करताना केसमेंट यांनी काँगोमधल्या आणि पुढे अ‍ॅमेझॉनच्या पुतुमायो भागातल्या रबर मजुरांवरचे अत्याचार जगासमोर आणले. नंतर आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी जर्मनीकडून शस्त्रे मिळवण्याची खटपट केली, आणि ऑगस्ट 1916 मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्या घराण्याची मुळे अँट्रिममध्येच होती. पश्चिम बेलफास्टच्या राष्ट्रवादी, म्हणजे ब्रिटनपासून वेगळे होऊन एकसंध आयर्लंड हवे असलेल्या वस्तीला ते हुतात्मा वाटतात. शहरातल्या ब्रिटननिष्ठ युनियनवादी लोकांना त्या नावात युद्धकाळात शत्रूला मिळालेला माणूस दिसतो. मैदानाच्या फाटकावरची पाटीच एका अर्थाने अर्ध्या शहराला बाहेर ठेवत होती, किंवा निदान त्यांना तसे वाटत होते.

पुढच्या दशकांनी ही दरी आणखी रुंदावली. 1972 मध्ये ब्रिटिश सैन्याने मैदानाचा ताबा घेतला आणि तिथे तळ टाकला. ज्यांच्या वर्गणीवर अशी मैदाने उभी राहतात त्यांना आपल्याच फाटकावर सैनिक उभे असलेले पाहावे लागले. त्यानंतर आली 19 मार्च 1988 ही तारीख. तीनच दिवसांपूर्वी मिलटाउन दफनभूमीत अंत्यविधीच्या गर्दीवर एका लॉयलिस्ट (कट्टर ब्रिटननिष्ठ) हल्लेखोराने हातबाँब आणि गोळ्यांनी हल्ला करून तिघांना मारले होते. त्यांतल्या एकाची अंत्ययात्रा अँडरसन्सटाउन रोडवरून जात असताना साध्या वेशातल्या दोन ब्रिटिश सैनिकांची मोटार त्यात शिरली. पुन्हा हल्ला झाला असे वाटून गर्दी त्यांच्यावर तुटून पडली. दोघांना ओढत केसमेंट पार्कमध्ये नेऊन मारहाण झाली आणि नंतर जवळच्या मोकळ्या जागेत गोळ्या घालून त्यांना ठार केले गेले. मरणाऱ्या सैनिकाशेजारी गुडघे टेकून बसलेल्या फादर अ‍ॅलेक रीड यांचे छायाचित्र जगभर छापले गेले. पुढे शांतता प्रक्रियेत मोलाची मध्यस्थी केली ती याच फादर रीड यांनी.

हा दिवस गाळून केसमेंट पार्कविषयी लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. ब्रिटनमध्ये अनेकांना या मैदानाचे नाव फक्त त्या दिवसामुळे ठाऊक आहे. पश्चिम बेलफास्टच्या लोकांना दोन्ही गोष्टी आठवतात, तो दिवसही आणि बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेला पहिला सामनाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या भागातल्या लोकांनी फेले अन फोबल, म्हणजे ‘लोकांचा उत्सव’, सुरू केला. वर्तमानपत्रांनी आपल्या वस्तीवर मारलेला शिक्का पुसून काढण्याची ती खटपट होती आणि तो उत्सव आजही मोठ्या प्रमाणावर भरतो.

2011: तीन खेळांना तीन मैदाने

1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर राष्ट्रवादी आणि युनियनवादी यांच्यात सत्तेची वाटणी झाली, आणि खेळांच्या पैशाचीही वाटणी करावी लागली. आधी एक धाडसी कल्पना पुढे आली होती. मेझ तुरुंगाच्या जागेवर सॉकर, रग्बी आणि गेलिक खेळ या तिन्हींसाठी मिळून एकच मोठे मैदान बांधायचे. राजकीय कैद्यांच्या उपोषणांचा इतिहास असलेली ती जागा युनियनवाद्यांना मान्य होणे कठीण होते, आणि शहराबाहेर एवढे मैदान चालेल का याविषयीही शंका होत्या. 2009 च्या सुरुवातीला ही कल्पना सोडून देण्यात आली.

मग 2011 मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारने सोपी वाटणारी तोड काढली. प्रत्येक खेळाला त्याचे त्याचे मैदान. सॉकरला दक्षिण बेलफास्टचे विंडसर पार्क, रग्बीला रेव्हनहिल, गेलिक खेळांना केसमेंट. केसमेंटचा खर्च पावणेआठ कोटी पौंडांच्या घरात धरला होता. त्यातले सव्वासहा कोटी सरकारचे आणि दीड कोटी जीएएचे.

रेव्हनहिल 2014 मध्ये पूर्ण झाले. विंडसर पार्कचे काम चालू असताना 2015 मध्ये जुन्या पश्चिम स्टँडला तडे गेले आणि तो पाडावा लागला, तरी तेही 2016 मध्ये उभे राहिले. एकाच निर्णयातून निघालेली तीन कामे. त्यांतली दोन पार पडली आणि तिसऱ्याची एक वीटही चढली नाही. हे पाहून अँट्रिमच्या गेलिक चाहत्यांच्या मनात जी सल बसली ती समजून घ्यायला हवी. ‘आमच्याच बाबतीत असे का’ हा प्रश्न तिथे केवळ मैदानापुरता राहत नाही, त्यामागे काही दशकांची हिशेबवही उघडते.

तरीही खरे उत्तर भेदभावात सापडत नाही. ते आकारात सापडते. विंडसर पार्क साधारण साडेअठरा हजारांचे झाले, रेव्हनहिल अठरा हजारांचे. केसमेंटचा आराखडा 38,000 प्रेक्षकांचा होता, म्हणजे त्या दोघांच्या बेरजेहूनही जास्त.

एवढे मोठे कशासाठी? एकट्या अँट्रिमच्या सामन्यांना इतकी जागा लागत नव्हती. हा आकडा अल्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यासाठी होता. 1971 मध्ये तो सामना केसमेंटवर शेवटचा खेळला गेला होता. नंतर राष्ट्रवादी आणि युनियनवादी यांच्यातल्या हिंसाचाराच्या, अशांततेच्या काळात तो मोनाहन काउंटीतल्या क्लोनिस या छोट्या गावी गेला, सीमेच्या पलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकात. तो बेलफास्टला परत आणायचा, नऊ काउंट्यांच्या प्रांताला शहरात आधुनिक मुख्यालय द्यायचे, अशी प्रांतिक मंडळाची आकांक्षा होती. ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण काउंटीचे घर बांधता बांधता प्रांताचा वाडा बांधायचे ठरले, आणि वाड्याची सावली कोणाच्या अंगणात पडणार याची विचारपूस पुरेशी झाली नाही.

भिंतीपलीकडची घरे

मैदानाच्या मागे आणि बाजूला मूरलँड आणि ओवनवारा या नावांचे निवासी रस्ते आहेत. छोट्या बागा असलेली घरे, आणि बागेच्या शेवटी मैदानाची भिंत. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मैदानाशेजारी संसार केले. सामन्याच्या दिवशी गाड्या लागणार, आरोळ्या येणार, हे त्यांना नवे नव्हते. नव्या आराखड्यातले स्टँड मात्र खूप उंच होते. उजेड अडणार, रहदारी वाढणार, आणि सामने नसतानाही सभागृहे आणि समारंभ यांनी जागा गजबजलेली राहणार. त्यांनी रहिवासी संघ स्थापन केला. मैदान नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. आमच्या घरांना झेपेल एवढे बांधा, असे ते सांगत आले.

बाहेरून पाहणाऱ्याला हा विरोध समोरच्या गटाचा वाटू शकतो, पण तसे नव्हते. हे लोक त्याच वस्तीचे, त्याच शाळांत आणि चर्चमध्ये जाणारे. म्हणून हा वाद घराघरांत शिरला. मैदानाची बाजू घेणाऱ्याला ते समाजाआड येणारे वाटले, आणि त्यांना वाटले की आपणही समाजच आहोत, आपल्याला मोजलेच गेले नाही.

डिसेंबर 2013 मध्ये पर्यावरणमंत्री मार्क डर्कन यांनी 38,000 च्या आराखड्याला परवानगी दिली. रहिवासी न्यायालयात गेले. वर्षभराने, डिसेंबर 2014 मध्ये न्यायमूर्ती हॉर्नर यांनी ती परवानगी बेकायदा ठरवली. एवढ्या मोठ्या बांधकामाचा आजूबाजूच्या घरांवर आणि परिसरावर काय परिणाम होईल याचे मूल्यमापन कायद्याला अपेक्षित होते तसे झालेले नव्हते.

त्यानंतर चारच महिन्यांनी याहून गंभीर गोष्ट पुढे आली. मैदानाच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाने विधानसभेच्या समितीपुढे सांगितले की काही आपत्कालीन प्रसंगांत 38,000 लोकांना या जागेतून सुखरूप बाहेर काढता येणार नाही, आणि ही सूचना आपण आधीच दिली होती. मुख्य रस्त्याकडची बाजू बंद झाली तर गर्दी जाणार कुठे, असा तो साधा प्रश्न होता. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत 97 लोकांचा जीव गेला, त्यानंतर ब्रिटनमध्ये हा प्रश्न कोणीही हलक्यात घेत नाही. ती सूचना वेळेत कोणापर्यंत पोचली आणि कोणापर्यंत नाही यावर खूप चिखलफेक झाली. मला त्यात एवढेच दिसते की भिंतीमागच्या घरांनी उचललेला आकाराचा मुद्दा आणि सुरक्षातज्ज्ञाचा मुद्दा मुळात एकच होता. घरांनी वेढलेल्या जागेवर किती माणसे आणायची हे जागेने ठरवायचे असते. इथे आकडा आधी ठरला आणि जागेला तो पेलायला सांगितला गेला.

पुन्हा पहिल्यापासून

2017 च्या सुरुवातीला नवा अर्ज आला, या वेळी 34,500 क्षमतेचा. स्टँडचा आकार बदलला, घरांकडची उंची कमी करण्याचा प्रयत्न झाला, बाहेर पडण्याच्या वाटा नव्याने आखल्या. पण त्याच जानेवारीत उत्तर आयर्लंडचे सरकार कोसळले आणि तीन वर्षे मंत्रीच नव्हते. एवढ्या मोठ्या अर्जावर सही करायला कोणी नाही. 2020 मध्ये सरकार परत आले, आणि जुलै 2021 मध्ये मंत्री निकोला मॅलन यांनी परवानगी दिली. रहिवासी संघ पुन्हा न्यायालयात गेला. मे 2022 मध्ये या वेळी त्यांची मागणी फेटाळली गेली.

कायद्याची वाट मोकळी झाली तोवर पावणेआठ कोटींचा अंदाज कुठल्या कुठे गेला होता. साहित्य महागले, मजुरी महागली, आणि 2022 च्या फेब्रुवारीपासून स्टॉरमाँटचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे सरकार पुन्हा दोन वर्षे बंद पडले होते. या सगळ्या काळात मैदानावर रान माजले. पायऱ्यांच्या भेगांतून झुडपे उगवली, आणि तशी छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत राहिली.

मोठ्या स्वप्नांनी मात्र या रिकाम्या मैदानाची पाठ सोडली नाही. 2023 च्या रग्बी विश्वचषकासाठी आयर्लंडने जो प्रस्ताव दिला होता त्यातही केसमेंटचे नाव होते. तो मान फ्रान्सला गेला. मग ऑक्टोबर 2023 मध्ये 2028 ची युरो फुटबॉल स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडला मिळाली, आणि ठरलेल्या दहा मैदानांत केसमेंट होते. उत्तर आयर्लंडमध्ये स्पर्धेच्या निकषांत बसेल एवढे मोठे दुसरे मैदान नव्हते, आणि केसमेंट तर अजून कागदावरच होते.

त्या बातमीने खूप आशा जागवली, आणि मला वाटते नुकसानही तेवढेच केले. आशा अशी की लंडन, डब्लिन आणि बेलफास्ट अशा तिन्ही सरकारांना आता तारीख गाठावी लागणार. फेब्रुवारी 2024 मध्ये आयर्लंडच्या सरकारने पाच कोटी युरो जाहीर केले. त्याच सुमारास मैदानावर सुरुवातीची कामे सुरू झाली आणि झुडपे निघाली. पण मैदानाचा अर्थ तिसऱ्यांदा बदलला होता. काउंटीचे घर प्रांताचा वाडा झाले होते, आता वाडा आंतरराष्ट्रीय मंडप झाला. उत्तर आयर्लंडच्या सॉकर चाहत्यांपैकी अनेकांनी विरोध केला. आपला संघ विंडसर पार्कवर खेळतो, केसमेंटच्या नावाच्या आणि 1988 च्या आठवणीच्या मैदानावर आम्ही का जावे, असे त्यांचे म्हणणे होते. काहींचा मुद्दा साधा पैशाचा होता, की एका खेळाच्या मैदानावर एवढा खर्च होणार आणि स्थानिक सॉकर क्लबांची पडकी मैदाने तशीच राहणार. हा दुसरा मुद्दा मला रास्त वाटतो. पहिल्यातली वेदना समजते, पण कोणी तरी कधी तरी त्या फाटकातून आत गेल्याशिवाय ती कमी कशी होईल, हेही वाटते.

सप्टेंबर 2024 मध्ये ब्रिटनच्या सरकारने, त्यात उत्तर आयर्लंडचे खाते सांभाळणारे मंत्री हिलरी बेन होते, कळवले की युरोसाठी पैसे देता येणार नाहीत. खर्च 40 कोटी पौंडांच्या वर जाण्याची शक्यता होती आणि वेळेत काम पूर्ण होईल याची खात्री नव्हती. बेलफास्ट स्पर्धेतून बाहेर पडले.

कॉरिगन, नाहीतर कुठेच नाही

मैदान बंद असताना अँट्रिमने काय केले, हा या प्रकरणातला मला सर्वात हृद्य वाटणारा भाग आहे. काउंटीने आपले सामने कॉरिगन पार्कवर नेले. हे बेलफास्टच्या व्हाइटरॉक रोडवरचे एका क्लबचे मैदान. केसमेंट उघडण्यापूर्वी, म्हणजे 1953 च्या आधी, शहरातले मोठे गेलिक सामने तिथे होत. म्हणजे नातवंडे आजोबांच्या घरी परत गेली. लोकांनी ते डागडुजी करून उभे केले. तरी तिथे चार हजारही माणसे मावत नाहीत.

2025 च्या एप्रिलमध्ये अल्स्टरच्या फुटबॉल स्पर्धेत अँट्रिमची गाठ आर्माशी पडली. आर्मा म्हणजे आदल्याच वर्षीचे अखिल आयर्लंड विजेते, त्यांच्यामागे चाहत्यांचा लोंढा. सामना अँट्रिमच्या घरी ठरलेला होता, पण कॉरिगन पुरणार नाही म्हणून तो न्यूरीला हलवायचा निर्णय झाला. अँट्रिमने तिथे जायला नकार दिला. ‘कॉरिगन, नाहीतर कुठेच नाही’ हे वाक्य सगळीकडे घुमले. त्याला आधार होता 2018 मधल्या किल्डेअर काउंटीच्या अशाच हट्टाचा. त्यांनी न्यूब्रिजच्या आपल्या छोट्या मैदानाबाहेर पाऊल टाकायला नकार दिला होता, संघटनेला माघार घ्यायला लावली आणि मेयोला तिथेच हरवलेही होते. इथेही शेवटी निर्णय फिरला आणि सामना कॉरिगनवर झाला. आर्माने तो जिंकला.

या हट्टात जे दिसते ते 38,000 च्या आराखड्यात कुठे दिसत नव्हते. खेळाडू तिकिटांच्या उत्पन्नासाठी भांडत नव्हते, त्यांना त्यातले काही मिळणारच नव्हते. आपल्या माणसांसमोर, आपल्या गल्लीजवळ, आपल्या मातीत खेळायला मिळावे, एवढेच त्यांना हवे होते. चार हजारांच्या मैदानावरही ते तयार होते. मला वाटते, केसमेंटचे नियोजन करताना सुरुवात या बाजूने झाली असती तर प्रश्नच वेगळा पडला असता. काउंटीला घर म्हणून किती मोठे मैदान लागते? वीस हजार? पंचवीस? तेवढ्यात भिंतीमागच्या घरांशी समेट झाला असता का? मला तो झाला असता असे वाटते, निदान न्यायालयाबाहेर होण्याची शक्यता बरीच होती. अल्स्टरचा अंतिम सामना क्लोनिसला राहिला असता, आणि मोनाहनच्या त्या गावाला त्याचा आनंदच झाला असता.

याला उत्तर म्हणून जीएएचे लोक सांगतील की 2011 मध्ये मिळालेला पैसा पिढीत एकदाच येतो, तो छोट्या मैदानावर का खर्चायचा? बेलफास्ट हे प्रांतातले सर्वात मोठे शहर, तिथे मोठे मैदान नसावे का? शिवाय दशकानुदशके दुय्यम वागणूक मिळालेल्या लोकांनी एकदा भव्य काही मागितले तर त्यात गैर काय? हा शेवटचा युक्तिवाद सहजासहजी खोडता येत नाही. उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रवादी समाजाला आपले काही तरी दिमाखाने उभे राहावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या दिमाखाची किंमत त्याच समाजातल्या मूरलँडच्या घरांनी उजेड देऊन चुकवायची होती, आणि त्यांना ती मान्य आहे का हे परवानगीनंतर न्यायालयात विचारले गेले.

राज्यकर्त्यांचा दोष मी वेगळा मांडतो. तीन मैदानांचा निर्णय हा खेळाचा कमी आणि राजकीय समतोलाचा जास्त होता. समतोल पैशाच्या आकड्यात साधला, पण तीन जागा किती वेगळ्या आहेत याकडे दुर्लक्ष झाले. विंडसर पार्क आणि रेव्हनहिल अठरा-साडेअठरा हजारांवर थांबली. केसमेंटच्या चारी बाजूंना वस्ती आणि मनात सर्वात मोठी आकांक्षा. सर्वात अवघड कामाला सर्वात जास्त तयारी लागते. इथे ती सर्वात कमी झाली, आणि मग दोनदा सरकारच गायब झाले.

जून 2025 मध्ये ब्रिटनच्या सरकारने खर्चाच्या आढाव्यात केसमेंटसाठी पाच कोटी पौंड दिले. स्टॉरमाँटचे सव्वासहा, जीएएचे दीड, डब्लिनचे सव्वाचारच्या आसपास आणि हे पाच, असे मिळून सुमारे 17 कोटी झाले. 34,500 चा मैदान-आराखडा उभा करायला ते पुरणारे नाहीत. म्हणजे एकतर आणखी पैसा आणायचा, नाहीतर आराखडा उतरवायचा. 2021 ची परवानगी त्याच आराखड्याची होती. जुन्या पायऱ्या आता पाडल्या गेल्या आहेत. अँडरसन्सटाउन रोडकडून पाहिले तर कुंपणाच्या आत मोकळी जमीन आहे आणि तिच्या पलीकडे ओवनवारा आणि मूरलँडची घरे. ती घरे आता रस्त्यावरून पूर्वीपेक्षा जास्त स्पष्ट दिसतात.